जाहिरातीत एक पेटी, दारात दुसरी

आज आपण जुन्या वस्तूच्या ऑनलाइन खरेदीबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही भजनाच्या पेटीबद्दल. आपल्या बऱ्याच गटांमधून भजनी मंडळं उभी राहिली आहेत. टाळ घरोघरी असतात, मृदंग कुणाकडून तरी मिळतो. अडतं ते पेटीपाशी. चांगली नवी पेटी गटाला झेपत नाही, मग मोबाइलवर जुनी शोधली जाते. काही ठिकाणी किंमत ठरलेली नसते. बोली लावायची असते, मुदत संपेल तेव्हा ज्याची बोली वरची त्याला वस्तू. म्हणजे लिलावच, फक्त मोबाइलवरचा.

आमच्या प्रभागातल्या एका भजनी मंडळाचं उदाहरण घेऊन सांगते. नावं सांगत नाही, कारण नावांपेक्षा कामाची गोष्ट महत्त्वाची. मंडळातल्या बायकांनी वर्गणी काढून बोलीत १४,५०० रुपयांना पेटी घेतली, वर ९०० रुपये वाहतूक. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘सागवानी, ३९ पट्ट्या, तीन रीड, स्केल चेंजर, सगळ्या पट्ट्या चालू, सुरात लावलेली.’ पेटी आली, दिसायला छान होती. वाजवून पाहिली तर रीडच्या ओळी दोनच. स्केल चेंजर जागचा हलेना. चार पट्ट्या बोट न लावताच वाजायच्या. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळालं, “ताई, जुनीच घेतली ना? जुन्या वस्तूत एवढं चालायचंच.”

हे एक वाक्य ऐकून आपल्यातल्या निम्म्या बायका गप्प बसतात. आजचं सगळं बोलणं या वाक्याला उत्तर म्हणून आहे.

जुनी असणं वेगळं, खोटं वर्णन वेगळं

जुन्या पेटीचा रंग गेलेला असणार, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या असणार, भात्याच्या घडीला वापराच्या खुणा असणार. त्याबद्दल तक्रार चालत नाही, कारण जुनी म्हणूनच आपण ती कमी पैशात घेतली. ‘आवाज एकदम गोड’ असं लिहिलं असेल आणि आपल्याला तो गोड वाटला नाही, तरी त्याचं काही करता येत नाही. ती विकणाऱ्याची स्तुती झाली, मोजता येणारी गोष्ट नाही.

पण ‘तीन रीड’ ही मोजता येणारी गोष्ट आहे. ‘सगळ्या पट्ट्या चालू’ हीसुद्धा तपासता येते. असं लिहून वस्तू विकली, तर ती तशीच असली पाहिजे. हे १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम १५ मध्ये स्पष्ट आहे: वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही विक्रीची गृहीत धरलेली अट आहे. वस्तू नवी की जुनी, दुकानातली की बोलीतली, यावर ते अवलंबून नाही.

म्हणून तक्रार करताना ‘पेटी खराब निघाली’ असं म्हणू नका. ‘पेटी वर्णनाप्रमाणे नाही’ असं म्हणा. ‘खराब’ म्हटलं की समोरचा ‘जुनी आहे’ म्हणून सुटतो. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हटलं की त्यानंच लिहिलेलं वाक्य त्याच्यापुढे येतं.

त्यासाठी ते वाक्य आपल्या हातात पाहिजे. बोली लावण्याआधीच जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढा: वर्णन, सगळे फोटो, जाहिरात क्रमांक, विकणाऱ्याचं नाव, तारीख. विक्री झाली की हे पान अनेकदा दिसेनासं होतं. व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं पुसू नका, आणि ज्या फोनवर ते झालं तो फोन विकू नका.

पार्सल दारात आल्यावर

पार्सल उघडायच्या आधी दुसऱ्या बाईच्या हातात मोबाइल द्या. खोक्याच्या सगळ्या बाजू, त्यावरची पावती, चिकटपट्टी कुठे फाटली आहे का, हे सगळं न थांबता एकाच चित्रफितीत घ्या. मग त्याच चित्रफितीत खोकं उघडा आणि पेटी बाहेर काढा. मध्ये बंद करून पुन्हा सुरू केली, तर ‘मधल्या वेळेत काही केलं असेल’ म्हणायला जागा राहते. खोकं, आतला भुसा, फोम काही टाकू नका. पेटी परत पाठवायची वेळ आली तर त्यातच जाणार आहे.

पार्सल आणणारा सही मागतो. सही म्हणजे खोकं मिळाल्याची पोच, वस्तू पसंत पडल्याची नाही. तरी कागदावर सही असेल तर शेजारी ‘आतली वस्तू तपासलेली नाही’ एवढं लिहा.

पेटी तपासायची कशी

आपल्यातल्या पेटी वाजवणाऱ्या बाईला बोलवा. तिला हे बरंचसं माहीत असतं, पण ते ओळीनं करून लिहून ठेवायचं आहे.

आधी पट्ट्या मोजा, पांढऱ्या आणि काळ्या मिळून. जाहिरातीत ३९ म्हटलं असेल तर ३९ भरल्या पाहिजेत.

मग रीड. हवेनं थरथरून सूर काढणारी पितळेची पात म्हणजे रीड. पेटीत या पातींच्या ओळी असतात: खर्ज, नर, आणि तिसरी असली तर मादी किंवा आणखी एक नर. ३९ पट्ट्यांच्या पेटीत दोन ओळी म्हणजे ७८ रीड आणि तीन ओळी म्हणजे ११७. किमतीतला मोठा फरक इथे असतो. पुढच्या खुंट्या मोजून ओळी कळत नाहीत. काही खुंट्या एकच सूर धरून ठेवण्यासाठी असतात, काही नुसत्या शोभेच्या. म्हणून एक खुंटी ओढा, बाकीच्या आत ढकला, एक पट्टी दाबून ऐका. मग ती खुंटी आत आणि दुसरी बाहेर, तीच पट्टी पुन्हा. असं प्रत्येक खुंटीचं करा. जितक्या खुंट्यांवर ती पट्टी वेगळ्या आवाजात बोलते, तितक्या रीडच्या ओळी. आमच्या मंडळाच्या पेटीला खुंट्या सात होत्या, पण पट्टी बोलायची दोन खुंट्यांवरच.

नंतर भाता. एकच सूर धरून ठेवणाऱ्या खुंट्या सोडून बाकीच्या ओढून भाता भरा आणि कुठल्याच पट्टीला हात लावू नका. काहीही वाजता कामा नये. आपोआप सूर निघाला तर त्या पट्टीखालची झाप नीट बसत नाही. आता एकच खुंटी ठेवून मधली एक पट्टी दाबा, भाता थांबवा आणि सूर किती वेळ टिकतो ते मोजा. गावातल्या देवळातल्या किंवा शाळेतल्या बऱ्या पेटीवर हेच करून पाहा. आपली पेटी फारच लवकर दम सोडत असेल तर हवा कुठूनतरी गळते आहे.

मग एकेक पट्टी, खालून वर, प्रत्येक ओळीवर वाजवा. कुठली मुकी, कुठली अडकते, कुठली करकरते, ते पट्टीच्या नावानं लिहा: ‘काळी चार, खर्ज, वाजत नाही.’ सुरासाठी मोबाइलवर ट्यूनर नावाचं फुकट ॲप मिळतं. पांढरी सहा दाबल्यावर ते ‘ए’ हे अक्षर दाखवतं आणि सूर चढा की उतरा ते सुईनं सांगतं. सगळी पेटीच सारखी चढी किंवा उतरी असेल तर ती जुन्या पट्टीला लावलेली असू शकते, तो बिघाड नव्हे. एक पट्टी चढी, दुसरी उतरी असेल तर ती सुरात लावलेली नाही.

स्केल चेंजर असेल तर सगळी पट्टी सरकवून पाहा. सरकवल्यावर त्याच पट्टीतून अर्ध्या सुरानं वरचा किंवा खालचा आवाज आला पाहिजे. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे. भात्याचं कापड आतून उंदरानं खाल्लंय का ते बॅटरी लावून बघा.

इथे एक न्यायाची गोष्टही सांगते. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. प्रवासात धूळ बसून एखादी रीड मुकी होते. म्हणून पेटी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवून पुन्हा तपासा. सरळ होणारी अडचण आणि खोटं वर्णन यात गल्लत झाली, तर आपली खरी तक्रारही हलकी पडते.

आणि स्क्रू काढून पेटी उघडू नका. ‘तुम्हीच बिघडवली’ असं ऐकावं लागेल. तालुक्याच्या गावी पेटी दुरुस्त करणारे कारागीर असतात. त्यांच्याकडे नेऊन, चित्रफीत घेत, त्यांनाच उघडायला सांगा आणि काय दिसलं ते सही-तारखेसह लिहून घ्या. दुरुस्तीचा अंदाजे खर्चही त्याच कागदावर घ्या. ‘जर्मन रीड’ असं सांगून पेटी विकली असेल तर हा कागद फारच गरजेचा. जुन्या परदेशी रीडना जास्त किंमत येते, आपल्याकडे पुष्कळ पेट्यांमध्ये गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड असतात. पालिताण्याच्या रीड वाईट नव्हेत, पण जर्मनच्या भावात घेतल्या तर तो खोट्या वर्णनाचाच प्रकार झाला. हा फरक जाणकारानंच सांगायचा असतो.

वाजवायची नाही, दुरुस्त करायची नाही

आमच्या मंडळापुढे खरी अडचण इथे आली. बारा दिवसांवर काकडा होता. काही जणी म्हणाल्या, “दोन रीड तर दोन रीड, काकडा होऊ दे, मग बघू.” ते समजण्यासारखं आहे. पण कायदा असं मानतो की वस्तू हातात आल्यावर तपासायला वाजवी वेळ मिळतो. त्या वेळेत ‘नाकारतो’ असं कळवलं नाही आणि वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. महिनाभर पहाटे पेटी वाजवायची आणि मग ‘नको’ म्हणायचं, हे टिकत नाही. दुरुस्त करून घेतली तर पुरावाच गेला.

बायकांनी शाळेची पेटी मागून आणली आणि काकडा केला. ही पेटी खोक्यात घालून ग्रामसंघाच्या खोलीत ठेवली.

आणखी एक गोष्ट घडली, ती प्रत्येक गटात घडते. जिच्या मोबाइलवरून बोली लावली, तिच्यावर सगळ्यांचा रोख गेला. ती बिचारी स्वतःच्या पदरचे पैसे भरायला निघाली. मी बैठकीला गेले तेव्हा इतिवृत्ताची वही उघडून ठराव वाचायला लावला. पेटी घ्यायची, एवढ्या रकमेपर्यंत बोली लावायची, हा ठराव सगळ्यांच्या सहीचा होता. मोबाइल एकीचा असला तरी निर्णय सगळ्यांचा होता. म्हणून सांगते, मोठी खरेदी करताना ठराव लिहा, वरची मर्यादा लिहा आणि पैसे शक्यतो गटाच्या खात्यातून द्या. तोच कागद उद्या विकणाऱ्यापुढे कामाला येतो आणि तोच आपल्या बाईच्या पाठीशी उभा राहतो.

विकणारा कोण, ते आधी ठरवा

पुढचा रस्ता यावर ठरतो. विकणारा नेहमी वाद्यं विकणारा व्यापारी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आपल्या बाजूला आहेत. या नियमांप्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘नो रिटर्न’ लिहून हा नियम पुसला जात नाही.

ज्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून घेतली त्यांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, तो लिहून ठेवा. विकणाऱ्याचा पत्ता माहीत नसेल तर तो खरेदीनंतर लेखी मागायचा हक्क आपल्याला आहे.

विकणारा व्यापारी नसेल, म्हणजे कुणीतरी आजोबांची पडून असलेली पेटी विकली असेल, तर हे ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. पण वस्तू विक्री कायदा लागू होतोच. तिथे आधी लेखी मागणी करायची, मग तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात ही समिती असते. फोन क्रमांक १५१००. तिथून समोरच्याला बोलावून समेट घडवता येतो, लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं.

आमच्या मंडळाला विकणारा व्यापारी होता. त्याच्या नावावर त्याच ॲपवर आणखी कितीतरी वाद्यं लावलेली होती. त्या पानाचाही स्क्रीनशॉट काढला, कारण तो नेहमीचा विक्रेता आहे याचा तोच पुरावा.

पत्र असं लिहा

फोनवर भांडू नका. फोन झालाच तर लगेच ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं’ असा संदेश पाठवा. पत्र छोटं असावं. नमुना सांगते:

‘दिनांक अमुक रोजी आम्ही तुमच्या जाहिरात क्रमांक अमुक वरून बोलीनं १४,५०० रुपयांना पेटी घेतली. ती दिनांक अमुक रोजी मिळाली. जाहिरातीत तीन रीड लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात दोन ओळी आहेत. स्केल चेंजर चालू असल्याचं लिहिलं आहे, तो सरकत नाही. सगळ्या पट्ट्या चालू असं लिहिलं आहे, चार पट्ट्या आपोआप वाजतात. पेटी वर्णनाशी जुळत नाही म्हणून आम्ही ती नाकारत आहोत. ती न वापरता जपून ठेवली आहे. सात दिवसांत ती तुमच्या खर्चानं घेऊन जावी आणि वाहतुकीसह पूर्ण रक्कम परत करावी. जाहिरातीचे फोटो, पार्सल उघडतानाची चित्रफीत आणि कारागिराचा लेखी अभिप्राय सोबत आहे.’

बस्स. शिव्याशाप नाहीत, ‘आम्ही गरीब बायका’ नाही. एका बाजूला त्यांचं वाक्य, दुसऱ्या बाजूला आपल्याला दिसलेली गोष्ट. हे पत्र ॲपवरच्या तक्रारीत टाका, विकणाऱ्याला संदेशानं पाठवा आणि पत्ता असेल तर स्पीड पोस्टानंही पाठवा. ‘नाकारतो’ हा शब्द विसरू नका.

किती मागायचं

व्यापाऱ्यानं आधी सांगितलं, “दोन हजार परत देतो, पेटी ठेवा.” रक्कम ऐकून दोघी-तिघींना मोह झाला. पण कारागिरानं लिहून दिलं होतं की आहे ते दुरुस्त करायलाच ५,२०० रुपये लागतील, आणि तिसरी ओळ या खोक्यात बसवताच येणार नाही. मग दोन हजारांचा हिशेब कुठे बसतो?

काही वेळा पेटी ठेवून पैसे कमी करून घेणं शहाणपणाचं असतं. दोष लहान असेल आणि पेटी आपल्याला हवी असेल तर. तेव्हा रक्कम कागदावरून ठरवा: दुरुस्तीचा खर्च, आणि वर्णनातल्या पेटीच्या व आलेल्या पेटीच्या किमतीतला फरक. तडजोड झाली की लेखी घ्या. पैसे खात्यात आल्याशिवाय ‘तक्रार मिटली’ हे बटण दाबू नका आणि पेटीही सोडू नका. पेटी न्यायला माणूस आला तर त्याची पावती घ्या आणि बांधतानाची चित्रफीत काढा.

ऐकलंच नाही तर

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवून पाठपुरावा करते. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विकणारा दुसऱ्या राज्यातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंती करता येते. मुदत दोन वर्षांची. तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा. कायद्यात ‘व्यक्ती’ या शब्दात नोंदणी नसलेला समूहही येतो, त्यामुळे गट म्हणून तक्रार करता येते. फक्त वस्तू पुन्हा विकण्यासाठी घेतलेली नसावी.

आमच्या मंडळाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि १९१५ वर तक्रार झाल्यावर चोविसाव्या दिवशी पेटी नेली गेली, एकतिसाव्या दिवशी १४,५०० रुपये खात्यात आले. वाहतुकीचे ९०० मिळाले नाहीत आणि कारागिराच्या लेखी अभिप्रायाचे ३०० गेले. त्या १,२०० रुपयांसाठी पुढे भांडायचं नाही, असं बैठकीत ठरलं. हाही निर्णयच आहे, तो मंडळानं घ्यायचा असतो. नंतर त्यांनी त्याच कारागिराकडून वाजवून पाहून दोन रीडची पेटी ११,००० ला घेतली. दोन रीडची म्हणून, दोन रीडच्या भावात.

वाद वेगळा, चोरी वेगळी

खोक्यात पेटीऐवजी विटा निघाल्या, किंवा पैसे घेऊन विकणारा गायब झाला, तर तो वर्णनाचा वाद नाही, ती सरळ फसवणूक आहे. तिथे पत्र लिहीत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि तक्रार सुरू असताना दुसरा चोर येतो. ‘तुमचा परतावा मंजूर झालाय, ही लिंक दाबा, पिन टाका.’ लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ग्राहक सेवेचा नंबर ॲपच्या आतूनच घ्या, इंटरनेटवर शोधून मिळालेला नको.

बोली लावण्याआधी

विकणाऱ्याला लेखी विचारा: रीडच्या ओळी किती, कुठल्या रीड, कुठली पट्टी मुकी आहे, शेवटची सुरात कधी लावली, वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घ्याल का? सगळ्या पट्ट्या खालून वर वाजवतानाची चित्रफीत मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बोलीच लावू नका. पेटी जवळच्या गावात असेल तर जाऊन वाजवून पाहा. बसभाडं पेटीपेक्षा स्वस्त असतं.

बोलीच्या शेवटच्या पाच मिनिटांत हात सैल सुटतो. म्हणून ठरावातली मर्यादा कागदावर लिहून समोर ठेवा. आणि किंमत चढवायला विकणाऱ्यानं स्वतःच खोट्या बोली लावल्याचं सिद्ध झालं, तर वस्तू विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो.

हे सगळं फक्त पेटीपुरतं नाही. जुनं शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेवयांचं यंत्र, जे जे आपण फोटो पाहून घेतो त्या सगळ्याला हीच रीत लागू आहे.

आता वही-पेन घ्या, क्रमांक पुन्हा सांगते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. सायबर फसवणूक १९३०. मोफत कायदेशीर मदत १५१००. हे तीन क्रमांक येत्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे वेळेला शोधावे लागणार नाहीत.